उपकरणांतली खरखर: शोधायची कशी, थांबवायची कशी

मोबाइल चार्जिंगला लावला की स्क्रीन वेडीवाकडी वागू लागते. एक अक्षर दाबावं तर तीन उमटतात, यादी वर सरकवावी तर ती थरथरत भलतीकडेच जाते. चार्जर काढला की सगळं सुरळीत. फोन बिघडला असं समजून लोक तो दुरुस्तीला टाकतात, पण अशा वेळी फोन बहुधा ठणठणीत असतो.

होतं असं. टचस्क्रीनखालचं सर्किट बोट टेकल्यावर धारितेत, म्हणजे कॅपॅसिटन्समध्ये, पडणारा फरक मोजत असतं. हा फरक एका पिकोफॅरडहूनही कमी असतो. निकृष्ट चार्जर अख्ख्या फोनचं व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत सेकंदाला हजारो वेळा वरखाली हलवत राहतो. फोनच्या आतलं सगळंच एकत्र हलत असल्यामुळे फोनला याचा पत्ताच लागत नाही. बोट टेकलं की मात्र त्या हलण्याला तुमच्या शरीरातून जमिनीकडे जायला वाट मिळते. बोटाच्या जागी बारीकसा प्रवाह वाहू लागतो आणि स्क्रीनचा हिशेब चुकतो.

एका उपकरणातल्या विजेच्या हालचालीने दुसऱ्याच्या कामात अशी ढवळाढवळ होते, तिला विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ईएमआय. स्पीकरमधली गुणगुण, रेडिओवरची खरखर, रिले (विजेने उघडझाप होणारं स्विच) वाजला की रीसेट होणारा मायक्रोकंट्रोलर (सर्किट चालवणारी संगणकासारखी चिप), मध्येच अडखळणारा वायरलेस माऊस ही सगळी त्याचीच रूपं. नवीन माणूस इथे सहसा फेराइटचे, म्हणजे केबलवर बसवायच्या काळ्या चुंबकीय पदार्थाचे, मणी किंवा फिल्टर विकत आणून सुरुवात करतो. मी सांगेन, खिशात हात घालण्याआधी वाट शोधा. खरखर कुठल्या वाटेने येते हे एकदा कळलं की उपाय बऱ्याचदा हातात असलेल्या सामानातच निघतो.

## आधी एवढं समजून घ्या

प्रत्येक व्यत्ययात तीन गोष्टी असतात: गोंगाट करणारं उपकरण, गोंगाट पोचण्याची वाट आणि त्याची झळ बसणारं उपकरण. तिन्हींपैकी एक काढून घेतली तरी त्रास थांबतो. गोंगाट करणारं उपकरण बहुधा हवंच असतं, झळ बसणारंही हवंच असतं, म्हणून कात्री वाटेलाच लावायची.

वाटा मोजक्या आहेत. गोंगाट वीजपुरवठ्याच्या तारेतून सरळ चालत येतो. दोन सर्किटं एकच तार वापरत असली तर तिच्यातून एकाचा दुसऱ्याला उपद्रव होतो. शेजारून जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना न चिकटताही कॅपॅसिटरसारख्या जोडल्या जातात. एका वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या वेटोळ्यात व्होल्टेज उभं करतं. आणि शेवटची वाट म्हणजे खऱ्या अर्थाने हवेतून, रेडिओलहरी बनून.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती नीट डोक्यात बसली तर पुढचं अर्धं काम हलकं होतं: प्रवाह जिथून निघतो तिथे त्याला परत जावंच लागतं. सर्किट काढताना आपण जाण्याची तार काळजीने काढतो आणि परतीच्या जागी ग्राउंडचं चिन्ह टाकून मोकळे होतो. प्रवाह मात्र त्या चिन्हात नाहीसा होत नाही. तो कुठून तरी परत जातो आणि जाण्याची व परतीची वाट मिळून एक वेटोळं तयार होतं. वेटोळं जितकं मोठं, तितकं ते जास्त गोंगाट बाहेर टाकतं आणि तितकाच बाहेरचा गोंगाट आत घेतं.

आता लांबीचा हिशेब. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३ मीटर. तिचा पाव भाग ७५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण एका यूएसबी केबलएवढा, आणि पाव तरंगलांबीची तार हा उत्तम अँटेना असतो. म्हणून व्यत्ययाच्या प्रकरणात पहिला संशय डब्यावर न घेता डब्यातून बाहेर आलेल्या केबलवर घ्यावा. एक मीटर केबलवरून ५० मेगाहर्ट्झचा जेमतेम ५ मायक्रोअँपिअर प्रवाह परतीच्या जोडीदाराशिवाय वाहिला, तरी घरगुती उपकरणांसाठी ठरलेली प्रारणाची मर्यादा ओलांडली जाते.

## पायरी १: ऐका, बघा, लिहून ठेवा

वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. त्रास कधी होतो? नेमकं काय होतं? तेव्हा आजूबाजूला काय चालू असतं? ‘कधीकधी होतो’ हे उत्तर चालणार नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना, दिव्याचा डिमर अर्ध्यावर असताना, लॅपटॉप चार्जिंगला असताना, असं काहीतरी सापडेपर्यंत बघत राहा.

स्पीकरमधून येत असेल तर नुसत्या आवाजावरूनही बरंच कळतं. खोल, गोल ‘हूऽऽ’ अशी गुणगुण म्हणजे ५० हर्ट्झ. ती मुख्य पुरवठ्याच्या तारेजवळून, ट्रान्सफॉर्मरजवळून किंवा ग्राउंडच्या वेटोळ्यातून आलेली असते. त्याहून कर्कश, झणझणीत आवाज असेल तर तो १०० हर्ट्झचा समजा. रेक्टिफायरनंतरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरचा) मोठा कॅपॅसिटर म्हातारा झाला की हा ऐकू येतो. (जिथे पुरवठा ६० हर्ट्झचा आहे तिथे हेच आकडे ६० आणि १२० होतात.) ‘टिडिक्-टिडिक् टर्रर्र’ असा आवाज २जी मोबाइलचा. तो फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओचा झोत सोडतो आणि ॲम्प्लिफायर त्या झोतांचं आवाजात रूपांतर करतो. बारीक शिट्टी आणि ती माऊस हलवल्यावर बदलत असेल, तर ती संगणकाच्या पुरवठ्यातून ग्राउंडवाटे येते. एकच ‘टक्’ म्हणजे कुठलं तरी स्विच किंवा रिले.

## पायरी २: रेडिओला कामाला लावा

कुठल्या वारंवारतेला किती गोंगाट आहे ते दाखवणारा महागडा स्पेक्ट्रम ॲनालायझर नसला तरी अडत नाही. बॅटरीवर चालणारा, मीडियम वेव्ह असलेला खिशातला रेडिओ हे सुरुवातीचं सर्वांत गुणी साधन आहे. चार्जर, एलईडी दिवे, अडॅप्टर यांच्यातला स्विच सेकंदाला काही दहा हजार ते काही लाख वेळा उघडझाप करतो. त्याच्या पटीतल्या वारंवारता ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या मीडियम वेव्ह पट्ट्यात खच्चून भरलेल्या असतात आणि एएम रेडिओ त्या इमानेइतबारे ऐकवतो.

स्टेशन नसलेल्या जागी काटा लावा. आवाज मध्यम ठेवा. आता रेडिओ एलईडी दिव्याकडे न्या. एक मीटरवर नुसती शिरशिर, अर्ध्या मीटरवर भुणभुण आणि हातभर अंतरावर कानठळ्या, असं झालं तर संशयित सापडला. पण तेवढ्यावर थांबू नका. रेडिओ त्या दिव्याच्या वायरीच्या कडेकडेने फिरवा. पुष्कळदा दिव्यापासून तीन मीटर दूर, भिंतीतून वायर जाते तिथेही तेवढीच खरखर ऐकू येते. याचा अर्थ गोंगाट हवेतून थेट येण्याऐवजी तारेवर स्वार होऊन फिरतोय. मग दिव्याभोवती पत्रा गुंडाळून काडीचाही उपयोग होणार नाही, आणि हे कळायला तुम्हाला दोन मिनिटं लागली.

या रेडिओच्या आत फेराइटची कांडी असते आणि तीच अँटेना. तिचं टोक स्रोताकडे असताना आवाज सर्वांत कमी येतो, कांडी आडवी असताना सर्वांत जास्त. रेडिओ हळूहळू गोल फिरवून आवाज पडतो ती दिशा टिपा. खोलीतल्या दोन-तीन जागांवरून असं केलं की दिशा एकमेकींना छेदतात तिथे बोट ठेवता येतं.

काहीच कळेना, तर मेन स्विच बंद करा. रेडिओ बॅटरीवर चालूच आहे. खरखर गेली तर ती तुमच्याच घरातली. मग सगळे एमसीबी (बोर्डावरचे छोटे सर्किट ब्रेकर) खाली करून मेन चालू करा आणि एकेक एमसीबी वर करत जा, ज्या एमसीबीला खरखर परतेल त्या ओळीवरची उपकरणं एकेक करून प्लगमधून काढा. स्विच बंद करून भागत नाही, काही उपकरणं बंद दिसली तरी आतून जागी असतात. खरखर मेन बंद करूनही राहिली तर ती बाहेरची, आणि तुमचे फेराइट वाचले.

## पायरी ३: एका वेळी एकच बदल

अंतर वाढवून बघा. जवळच्या चुंबकीय क्षेत्राचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे अंतर दुप्पट केलं की जोर आठपट कमी. ट्रान्सफॉर्मर आणि ॲम्प्लिफायर एकमेकांपासून हातभर सरकवून जे साधतं ते डझनभर सुट्या भागांनी साधत नाही. मग केबल फिरवून बघा: सिग्नलची केबल आणि पुरवठ्याची वायर समांतर जात असतील तर वेगळ्या करा, एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडू द्या. मग एकेक केबल काढून बघा. मग उपकरण बॅटरीवर चालवून बघा.

प्रत्येक बदलानंतर वहीत एक ओळ. दोन बदल एकदम केले आणि खरखर गेली, तर कशाने गेली ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

लॅपटॉप आणि स्पीकरचं उदाहरण घ्या. चार्जर लावलेला असताना गुणगुण येते, काढला की जाते. याचं कारण सहसा ग्राउंडचं वेटोळं असतं: लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, ॲम्प्लिफायरही तीन पिनांचा, दोघांची अर्थिंग भिंतीत जोडलेली आणि वरून ऑडिओ केबलच्या ग्राउंडने पुन्हा जोडलेली. या मोठ्या वेटोळ्यातून फिरणारा प्रवाह थेट आवाजाच्या तारेत उतरतो. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, वेटोळं लहान होईल. तेवढ्याने भागलं नाही तर ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, तो आवाज पुढे जाऊ देतो पण दोन ग्राउंड तारेने जोडत नाही.

आणि इथे हात जोडून सांगतो, अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. ती तोडली की गुणगुण जाते हे खरं आहे आणि म्हणूनच हा सल्ला तोंडोतोंडी पसरत राहतो. पण ती पिन उपकरणाचं धातूचं अंग फेजला चिकटलं तर तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे.

## फेराइट कधी चालतो, कधी नाही

केबलवरचा तो काळा गोळा म्हणजे फेराइट. तो काय करतो ते समजायला प्रवाहाचे दोन प्रकार लक्षात घ्या. कामाचा प्रवाह एका तारेने जातो आणि जोडीच्या तारेने परततो, त्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. गोंगाटाचा प्रवाह पुष्कळदा दोन्ही तारांतून एकाच दिशेने जातो आणि परततो भलत्याच वाटेने: जमिनीतून, शरीरातून, हवेतल्या धारितेतून. दोन्ही तारा एकत्र फेराइटमधून घातल्या की कामाच्या प्रवाहाला तो दिसतसुद्धा नाही आणि दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाणाऱ्या प्रवाहाला मात्र अडवतो. म्हणून एकच वायर वेगळी काढून तिच्यावर फेराइट लावायची चूक करू नका. तसं केलं तर चार्जिंगच्या प्रवाहानेच फेराइट चुंबकीयदृष्ट्या भरून जातो आणि निकामी होतो.

वेढ्यांची संख्या फार महत्त्वाची आहे. तार भोकातून एकदा आरपार गेली तो एक वेढा. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: दोन वेढ्यांना चौपट, तीन वेढ्यांना नऊपट. त्यामुळे केबलवर तीन गोळे ओळीने लावण्यापेक्षा एका मोठ्या कड्यातून तीनदा फिरवलेली केबल तिप्पट काम देते. खूप वेढे दिले तर मात्र वेढ्यांमधल्या धारितेतून उच्च वारंवारतेचा गोंगाट पलीकडे निसटतो. पाच-सहा वेढ्यांपलीकडे जाण्याआधी मोजून बघा.

फेराइटचे दोन मुख्य वाण आहेत. निकेल-झिंकचा वाण काही दहा मेगाहर्ट्झच्या वर चांगला, आणि केबलवर चाप बसवायचे गोळे सहसा त्याचे असतात. मँगनीज-झिंकचा वाण खालच्या वारंवारतेला, मीडियम वेव्हच्या पट्ट्यात उपयोगी. एएम रेडिओच्या खरखरीवर छोटा चापाचा गोळा एकदाच अडकवून फरक पडला नाही म्हणून लोक फेराइटला नावं ठेवतात. दोष वाणाचा आणि वेढ्यांचा असतो. ५० हर्ट्झच्या गुणगुणीवर कुठलाही गोळा चालणार नाही.

लावायचा कुठे? गोंगाट करणाऱ्या डब्यातून केबल बाहेर पडते तिथे, अगदी खेटून. दोन हात पुढे लावलात तर मधली दोन हात तार अँटेना म्हणून मोकळीच राहिली.

## स्वतःचं सर्किट बांधताय? मग इथे जास्त वेळ द्या

माझ्या पहिल्या स्वयंचलित पंपाच्या सर्किटने मला आठवडाभर रडवलं होतं. टाकी भरली की रिले पंप बंद करायचा आणि त्याच क्षणी मायक्रोकंट्रोलर रीसेट व्हायचा. सगळीकडे वाचलं होतं की रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लावा. लावला होता. तरी रीसेट. शेवटी वैतागून पंपाची वायर काढली आणि नुसता रिले वाजवून पाहिला. शंभर वेळा वाजवला, एकदाही रीसेट नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कॉइलचा काही दोष नव्हता. गडबड संपर्कबिंदूंमध्ये, पंपाचा प्रवाह तोडताना उडणाऱ्या ठिणगीत होती.

ही चाचणी तुम्हीही करा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. कॉइलचा प्रवाह अचानक तोडला की १२ व्होल्टच्या कॉइलवरसुद्धा शंभर व्होल्टच्या पुढचा झटका सहज उभा राहतो. त्यासाठी कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड, पट्ट्याची बाजू धन टोकाला. संपर्काच्या ठिणगीसाठी मोटरच्या किंवा संपर्काच्या दोन टोकांवर स्नबर, म्हणजे १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर एकापाठोपाठ एक. मुख्य पुरवठ्यावर लावायचा असेल तर कॅपॅसिटर एक्स२ दर्जाचाच हवा. तो निकामी होताना पेट घेणार नाही अशा बेताने बनवलेला असतो, साध्या कॅपॅसिटरची तशी हमी नाही. तयार, एका कवचात बंद केलेले स्नबर मिळतात, नवशिक्याने तेच वापरावेत. मुख्य पुरवठ्याच्या जोडणीला हात लावायची सवय नसेल तर ते काम इलेक्ट्रिशियनवर सोपवा. आणि एसएमपीएस, म्हणजे चार्जर-अडॅप्टरमधला स्विचिंग पुरवठा, उघडणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या: २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरतीलच असं नाही.

खेळण्यातल्या छोट्या डीसी मोटरच्या ब्रशमधूनही सतत ठिणग्या उडतात. तिच्यावर तीन सिरॅमिक कॅपॅसिटर लावायची जुनी पद्धत आजही तितकीच कामाची आहे: एक १०० नॅनोफॅरडचा दोन्ही टोकांमध्ये, आणि ४७ नॅनोफॅरडचे दोन, प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत. अंगावर सोल्डर धरत नाही अशी तक्रार नेहमी येते. पॉलिश पेपरने ती जागा चकचकीत होईपर्यंत घासा, फ्लक्स लावा, जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न चांगलं तापवा आणि डाग झटकन द्या. फार वेळ धरून ठेवलं तर आतलं प्लास्टिक मऊ पडतं. मोटरच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळही द्या.

या पिळाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक दुसरा उपाय मला माहीत नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी पिळाच्या जोडीचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं, आणि आजच्या नेटवर्क केबलमध्येही त्याच जोड्या आहेत. पिळामुळे मोठं वेटोळं मोडून शेकडो चिमुकली वेटोळी होतात आणि प्रत्येक वेटोळ्यात उभं राहणारं व्होल्टेज शेजारच्याच्या उलट असतं. बेरीज जवळजवळ शून्य. मात्र सिग्नलची तार तिच्या स्वतःच्या परतीच्या तारेशीच पिळायला हवी. दोन वेगवेगळे सिग्नल एकमेकांशी पिळले तर उलट त्यांची एकमेकांत मिसळण हमखास.

ग्राउंडची वाटणी. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. समजा ब्रेडबोर्डवर सेन्सरचा आणि मोटरचा परतीचा प्रवाह एकाच बारीक वायरने बॅटरीकडे जातोय आणि त्या वायरचा रोध आहे ०.०५ ओहम. मोटरने १ अँपिअर घेतला की त्या तुकड्यावर ५० मिलिव्होल्ट पडतात. मायक्रोकंट्रोलरला वाटतं तापमान ५ अंशांनी बदललं. मोटर थांबली की तापमान पुन्हा पूर्ववत! असला सेन्सर कितीही वेळा बदला, काही होणार नाही. मोटरची परतीची तार वेगळी काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा, सेन्सरची वेगळी. ग्राउंड सगळीकडे सारखंच असतं हा समज या एका प्रयोगाने कायमचा जातो, म्हणून प्रत्येकाने तो मुद्दाम करून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

आयसीजवळचा (चिपजवळचा) कॅपॅसिटर. प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पिनांना खेटून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावतात. ‘खेटून’ का, ते आकड्यांत बघा. १०० मेगाहर्ट्झला त्या कॅपॅसिटरचा स्वतःचा अडथळा सुमारे ०.०१६ ओहम. तारेची प्रेरकता (इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा तिचा विरोध) ढोबळमानाने दर मिलिमीटरला १ नॅनोहेन्री, म्हणजे त्याच्या पायांची आणि वायरची मिळून २ सेंटीमीटर लांबी सोडलीत तर २० नॅनोहेन्री, आणि १०० मेगाहर्ट्झला तिचा अडथळा १२ ओहमच्या वर! कॅपॅसिटर आहे, पण त्याच्यापर्यंत जायची वाटच बंद. पाय आखूड कापा.

वेगाबद्दलचा एक गैरसमजही काढून टाका. ‘माझा सिग्नल फक्त १ किलोहर्ट्झचा आहे, त्याचा काय व्यत्यय होणार?’ व्यत्यय ठरतो तो सिग्नलची कड, म्हणजे खालच्या व्होल्टेजवरून वरच्यावर जाण्याचा टप्पा, किती झपाट्याने चढते यावर. १ नॅनोसेकंदात चढणाऱ्या कडेत ३०० मेगाहर्ट्झपर्यंतचा जोर असतो, मग ती कड सेकंदातून एकदाच का येईना. मायक्रोकंट्रोलरला ठेका देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टलही १६ वर थांबत नाही: ३२, ४८, ६४, ८०, ९६ असे पटीतले सूर निघतात आणि ९६ चा सूर थेट एफएमच्या पट्ट्यात पडतो. लांब जाणाऱ्या क्लॉकच्या (ठेक्याच्या सिग्नलच्या) तारेत, पाठवणाऱ्या पिनपाशीच, २२ ते ४७ ओहमचा रेझिस्टर घातला की कड मऊ होते आणि कामात काही अडत नाही.

पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) करणार असाल तर एक पूर्ण थर ग्राउंडला द्या आणि त्याला चिरा पाडू नका. उच्च वारंवारतेचा परतीचा प्रवाह सिग्नलच्या ट्रॅकच्या बरोबर खालून जातो, कारण तिथेच वेटोळं सर्वांत लहान होतं. वाटेत चीर आली की त्याला वळसा घालावा लागतो आणि तो वळसाच अँटेना बनतो.

## पत्र्याचा डबा हा शेवटचा उपाय

मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये दाखवून दिलं की धातूच्या पिंजऱ्याबाहेर विजेचा कितीही धिंगाणा असला तरी आतल्याला त्याचा पत्ता लागत नाही. पण पिंजऱ्यातून एक केबल बाहेर काढली की ती आतला गोंगाट बाहेर आणि बाहेरचा आत नेते. केबलचा बंदोबस्त झाल्यावरच डब्याचा विचार करा.

डब्याच्या भोकांमध्ये क्षेत्रफळापेक्षा लांबी मारक. बारीक भोकांची जाळी चालेल, पण झाकणाच्या कडेला राहिलेली केसाएवढी, १५ सेंटीमीटर लांबीची फट १ गिगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची होते आणि चक्क अँटेनासारखी वागते. मध्येमध्ये स्क्रू टाकून ती फट तोडा, आणि स्क्रूखालचा रंग खरवडा, कारण रंगावर बसलेलं झाकण विजेच्या दृष्टीने बसलेलंच नसतं. जाळीदार आवरणाच्या केबलचं आवरण टोकाशी पिळून शेपटीसारखं एका पिनला जोडायची सवय सर्रास दिसते. ती शेपटी काही सेंटीमीटरची असली तरी उच्च वारंवारतेला आवरण निम्मं वाया जातं. आवरण कनेक्टरच्या धातूच्या कवचाला चहूबाजूंनी चापून बसवा.

५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे ॲल्युमिनियमची फॉइल मुळीच टिकत नाही. त्या वारंवारतेला क्षेत्र ॲल्युमिनियममध्ये जवळपास १२ मिलिमीटर खोल शिरतं, फॉइलची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी. तिथे अंतर वाढवणं आणि ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवणं हेच उपाय.

## माऊस अडखळतो, वाय-फाय मंदावतं

हा प्रकार वेगळा काढतो कारण तो सुटायला अक्षरशः एक मिनिट लागतं. यूएसबी ३ च्या जोडणीचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट आहे आणि तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येऊन पडतो, जिथे वायरलेस माऊस, ब्लूटूथ आणि वाय-फाय सगळेच नांदतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर मोजमापं प्रसिद्ध केली. माऊसचा चिमुकला रिसीव्हर हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टला असेल तर एका छोट्या एक्स्टेन्शन केबलने तो हातभर दूर न्या. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे तो चालू असताना २.४ चा पट्टा खडखडत असेल तर नवल नाही.

खरेदी करताना चिन्हं बघायची असतील तर एवढं माहीत असावं की रेडिओ व्यत्ययाच्या मर्यादा ठरवणारी सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून काम करते. तारेतून जाणारा गोंगाट साधारण १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ आणि हवेतला ३० मेगाहर्ट्झच्या वर मोजतात. वजनाला हलका, आत फिल्टरच न घातलेला चार्जर या मर्यादा पाळण्याच्या जवळपासही जात नाही.

## शेवटची पायरी: उपाय काढून बघा

खरखर थांबली की लोक डबा बंद करतात. थांबा. लावलेला फेराइट, स्नबर, कॅपॅसिटर, जे काही असेल ते काढा आणि पुन्हा चालू करा. खरखर परत आली पाहिजे. नाही आली, तर ती दुसऱ्याच कशाने थांबली होती: तुम्ही उपाय लावताना सरकलेली केबल, दरम्यान बंद झालेला शेजारचा दिवा, घट्ट बसलेला सैल स्क्रू. परत आली तर उपाय पुन्हा लावा, पंपाचा किंवा मोटरचा भार जोडून वीस-तीस वेळा चालू-बंद करा आणि वहीत त्या ओळीपुढे तारीख टाका.